उसनं ऊन

सकाळचे साडेआठ वाजले की आमच्या परड्यातल्या दगडी कट्ट्यावर आई येऊन बसते. आधी काठी येते, मग घडी घातलेलं पोतं येतं आणि मग आई. डिसेंबर-जानेवारीतली बेळगावची थंडी कशी असते हे इथल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. पहाटे पारा तेरा-चौदापर्यंत उतरलेला असतो, अंगणातली फरशी पायाला चावते आणि ऊन मात्र सरकारी कामासारखं सावकाश येतं. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची आहे. ती उगवतीकडे पाठ करून बसते, दोन्ही तळवे गुडघ्यांवर उताणे ठेवते आणि डोळे मिटून घेते. पंधरा-वीस मिनिटं कुणाशी बोलत नाही. मग पहिलं वाक्य येतं, "तो आला बघ."

तो म्हणजे सरडा. समोरच्या गडग्यावर दोन दगडांच्या फटीतून तो बाहेर येतो. बाहेर आला तेव्हा रंगानं काळपट असतो. अंग चपटं करून, बरगड्या पसरून, एक कूस बरोबर सूर्याकडे करून तो पडून राहतो. अर्ध्या तासात त्याचा रंग उजळतो, मान वर येते, आणि मग कुठे त्याचं ते प्रसिद्ध मान हलवणं सुरू होतं. तोवर आईचंही बोलणं सुरू झालेलं असतं. दोघांच्याही अंगात ऊन उतरल्याशिवाय दिवस सुरू होत नाही.

बत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. त्यातली निदान पंचवीस वर्षं "थंड रक्ताचे प्राणी म्हणजे काय?" हा दोन गुणांचा प्रश्न तपासला. उत्तर ठरलेलं असायचं. 'ज्या प्राण्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या तापमानाप्रमाणे बदलते त्यांना थंड रक्ताचे प्राणी म्हणतात. उदा. मासा, बेडूक, पाल, साप.' दोन्ही गुण द्यायचे. आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी. त्यांना उदाहरण विचारलं की एखादा पटकन म्हणायचा, "हल्ली!" बाकीचे हसायचे. कन्नडात हल्ली म्हणजे पाल. मग मी विचारायचो, "हल्ली कुठे असते?" आणि वर्ग ओरडायचा, "ट्यूबच्या मागं!"

ते खरंच होतं. त्या काळच्या ट्यूबलाइटचा चोक तापायचा. थंडीच्या दिवसांत पाल त्याच्यामागे पोट टेकून बसायची. कीटक दिव्याकडे यायचे आणि ऊब चोकमधून मिळायची. जेवण आणि शेगडी एकाच ठिकाणी! आता आमच्या घरात सगळे एलईडी दिवे आहेत, ते फारसे तापत नाहीत. पालीनं आपला मुक्काम फ्रिजच्या मागे हलवला आहे.

पण पुस्तकातली ती व्याख्या अर्धीच आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ते कळायला एका जिवाची किंमत मोजावी लागली. ती गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती.

साल १९८८. मार्च महिना संपत आला होता. नववीत मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता, पूर्व भागातल्या खेड्यातून सायकलीवर यायचा. घरची भाषा कन्नड. मराठी शाळेत तो आला कारण त्याचा मामा शाळेजवळ राहत होता. वर्गात फारसा बोलत नसे. एका शुक्रवारी तो गोणपाटाची पिशवी छातीशी धरून प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"सर, आमे."

"कासव म्हण," मी म्हणालो.

"कासव. तळ्यातला गाळ काढायलते. हातभर खाली होतं. जिवंत हाय."

पिशवीत चिखलानं माखलेलं मऊ पाठीचं कासव होतं. आपल्याकडच्या तळ्यांत, विहिरींत सापडतं तेच. मागचे पाय आत ओढून घेतले की पोटाखालच्या दोन झडपा त्यांच्यावर मिटतात, पेटीच्या झाकणासारख्या. ते हलत नव्हतं. पण बोट लावलं की मान आणखी आत जायची.

मला आनंद झाला. पुस्तकात 'ग्रीष्मनिद्रा' असा एक शब्द होता आणि तो दाखवायला माझ्याकडे आजवर काही नव्हतं. तळं आटायला लागलं की हे कासव चिखलात शिरतं. वरची माती तापते, भेगाळते, पण हातभर खाली ओलावा आणि गारवा टिकून असतो. तिथे ते कंदिलाची वात बारीक करावी तसं आपलं जगणं बारीक करतं. श्वास कमी, हृदयाचे ठोके कमी, खाणं बंद. थंड रक्ताच्या प्राण्याला हे परवडतं, कारण त्याला शरीर तापवण्यासाठी अन्न जाळायचं नसतं. तेवढ्याच वजनाच्या उंदरा-घुशीला लागतं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं अन्नही त्याला पुरून उरतं. मृगाचा पाऊस पडला, तळ्यात पाणी आलं की वात पुन्हा मोठी होते.

हे सगळं मी वर्गाला फार छान सांगितलं. कासव मासे ठेवायच्या रिकाम्या काचेच्या टाकीत ठेवलं. चिखल धुऊन काढला, कारण चिखलात मुलांना नीट दिसलं नसतं. दोन बोटं पाणी घातलं. टाकी पश्चिमेच्या खिडकीशी ठेवली, कारण तिथे उजेड चांगला होता. शनिवारी अर्धी शाळा. मी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून घरी गेलो. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीच झाला होता आणि हे कासव पकडून ठेवणं गुन्हा आहे, याचाही विचार माझ्या मनात आला नाही.

सोमवारी सकाळी कुलूप काढलं तेव्हा वासावरूनच कळलं. शनिवार-रविवारच्या दोन दुपारी त्या खिडकीतून ऊन आलं होतं. काचेच्या पेटीत, दोन बोटं पाण्यात. त्या पाण्याला तापायला किती वेळ लागणार? टाकीच्या एका कोपऱ्यात कासव पुढचे पाय काचेला लावून पडलं होतं.

तो मुलगा आला. बराच वेळ टाकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, मातीत होतं तवा जिवंत होतं की."

मी म्हणालो, "अशक्त होतं रे. जगलंच नसतं."

हे खोटं होतं, आणि मी ते शिक्षकाच्या आवाजात सांगितलं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. खरं तर आधीच वाचायला हवं होतं. १९४४ साली रेमंड कौल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकन संशोधकांनी वाळवंटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर सगळ्यांची समजूत आमच्या पाठ्यपुस्तकासारखीच होती. हवा गार तर सरडा गार, हवा गरम तर सरडा गरम. या दोघांनी मोकळ्या सरड्यांची तापमानं मोजली आणि निराळंच दिसलं. दिवसभरात हवा, वाळू, दगड यांची तापमानं भराभर बदलत होती, पण हिंडता-फिरता सरडा आपलं तापमान थोड्या अंशांच्या आत राखत होता. कसं? सकाळी आडवा होऊन ऊन घेऊन. तापलं की सूर्याकडे तोंड करून, म्हणजे कमीत कमी अंगावर ऊन पडेल. पाय ताणून पोट वाळूपासून वर उचलून. आणखी तापलं की झुडपाखाली. त्याहून तापलं की बिळात. आणि याच सरड्याला सावली मिळू दिली नाही, तर वाळवंटात जन्मलेला असूनही तो उन्हात थोड्या वेळात मरतो.

म्हणजे त्याचं रक्त थंड नसतंच. ऊन घेतलेल्या सरड्याचं रक्त माझ्या-तुमच्या रक्ताइतकं गरम असू शकतं. फरक एवढाच की आपली भट्टी आतमध्ये आहे आणि त्याची आकाशात. आपण ऊब घरी रांधतो, तो ती उसनी आणतो. मराठी विश्वकोशात यासाठी 'अनियततापी' असा भारदस्त शब्द आहे. मुलांना तो पाठ व्हायचा नाही. पुढे मी वर्गात सांगायला लागलो, "थंड रक्ताचे म्हणू नका, उसन्या उबेचे म्हणा." परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहा, असंही सांगावं लागायचं.

आणि उसनं घेणाऱ्याला दारं उघडी लागतात. ऊन पाहिजे आणि चार पावलांवर सावलीही पाहिजे. या दोन्हींमधून ये-जा करायची मोकळीक हाच त्याचा थर्मामीटर, हीच त्याची शेगडी आणि हाच त्याचा पंखा. काचेच्या टाकीत मी त्या कासवाकडून नेमकं तेवढंच काढून घेतलं होतं. पाणी दिलं, उजेड दिला, दारावर कुलूपही लावलं, कुणी त्रास देऊ नये म्हणून!

एकदा हे कळलं की सगळीकडे तेच दिसायला लागतं. आमच्या न्हाणीघरातल्या बंबामागे गोम का सापडते, हिवाळ्यात सकाळच्या उन्हात रस्त्यावर आडवी पडलेली धामण सायकल जवळ आली तरी का हलत नाही, हे उमगतं. सापानं उंदीर गिळला की त्याला ऊब शोधावीच लागते. अंग गार राहिलं तर पचन थांबतं, पोटातलं भक्ष्य कुजायला लागतं आणि बऱ्याचदा ते ओकून टाकावं लागतं. सुस्त पडलेला साप आळशी नसतो, तो स्वयंपाक करत असतो. मगर तळ्याकाठी जबडा उघडून पडलेली असते तेव्हा ती कुणाला भीती घालत नसते. तोंडातला ओलावा सुकवून डोकं गार ठेवत असते. रातकिड्यांचं तर घड्याळच तापमानावर चालतं. हवा गार तशी किरकिर संथ. १८९७ साली आमोस डॉल्बियर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं किरकिर मोजून हवेचं तापमान काढायचं सूत्रच छापलं होतं.

काहींनी तर उसनवारीवरही मात केली आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि स्नायू थरथरवून अंग तापवते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका ब्रह्मी अजगराच्या मादीवरचा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला. भोवतालची हवा गार होत गेली तसतशी ती जास्त थरथरत होती आणि हवेपेक्षा चार-पाच अंश जास्त ऊब राखत होती. एरवी कधी न तापणारी भट्टी ती फक्त अंड्यांसाठी पेटवते. एकटी मधमाशी गारठ्यानं आखडते, पण पोळं मिळून आपल्या अळ्यांना चौतीस-पस्तीस अंशांवर ठेवतं, पंख न हलवता पंखांचे स्नायू थरथरवून.

मगरीच्या अंड्यांचं आणखी नवल. आपल्या नद्यांतल्या मगरीच्या पिल्लाचा लिंगभेद अंड्यातल्या तापमानावर ठरतो. मद्रासच्या क्रोकोडाइल बँकेतल्या अंड्यांवर झालेला अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. अठ्ठावीस ते एकतीस अंशांवर सगळ्या माद्या, आणि साडेबत्तीसला सगळे नर. मध्ये दीड अंशाचं अंतर. थर्मामीटर बघायला चष्मा लागतो, तेवढं!

आणि ताप. माणसाला ताप येतो तो आतल्या भट्टीमुळे, तर मग सरड्याला ताप कसा येणार? १९७५ च्या सुमाराला मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वाळवंटी इग्वानांना जंतूंची लागण केली. आजारी सरडे आपण होऊन नेहमीपेक्षा गरम जागी जाऊन बसले आणि अंगाचं तापमान दोनेक अंशांनी चढवून घेतलं. ज्यांना गार जागी अडवून ठेवलं त्यातले बहुतेक मेले, गरम जागी होते त्यातले बहुतेक जगले. म्हणजे ताप आला नाही तर तो चालत जाऊन आणायचा! (यावरून कुणी डॉक्टरांच्या गोळ्या फेकून देऊन गच्चीवर जाऊन बसू नये. आपण सरडे नाही.)

हे सगळं मी पुढे वर्षानुवर्षं शिकवलं, बऱ्यापैकी शिकवलं, आणि निवृत्त झालो. आणि तरीही तीच चूक मी दुसऱ्यांदा करायला निघालो होतो.

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या सोप्यावरची दोन वासं खचली. मुलगा पुण्याला असतो. तो आला, छताकडे बघितलं, आजीच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे. या घरात ती कधीतरी पडेल." त्याचं चुकत नव्हतं. न्हाणीघर तीन पायऱ्या खाली, संडास परड्याच्या टोकाला, रात्री दिवा गेला तर कुणाला हाक मारायची? शेजारची जागा विकली गेली होती. तिथल्या बिल्डरनं आमचीही जागा मागितली होती, वर दोन फ्लॅट देतो म्हणाला होता. पुण्याला सातव्या मजल्यावर मुलाचा फ्लॅट. लिफ्ट, गरम पाणी, हाकेच्या अंतरावर दवाखाना. नोव्हेंबरात आम्ही तिघं, म्हणजे आई, बायको आणि मी, तिकडे गेलो.

सूनबाईनं आईचं फार केलं. कुणी म्हणू नये की कमी केलं. पण फ्लॅटचं तोंड पश्चिमेला. सकाळभर खोल्यांत ऊन नाही. आई स्वेटर घालायची, त्यावर शाल, पायांत मोजे. नातवानं हीटर आणला. आई म्हणायची, "त्यातनं नुसता वारा येतो. ऊन नाही येत." दुपारी साडेतीननंतर मात्र बंद काचेतून ऊन एकदम आत यायचं आणि खोली तापायची. मग पडदे ओढायचे. आधी हिवातली, मग भट्टीतली, मधलं काही नाही.

आमच्याकडे बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. आईही तसंच बोलते. सुरुवातीला पणतीला त्याची गंमत वाटायची, ती तिची नक्कल करायची. डिसेंबर संपेपर्यंत नक्कल करण्याएवढंही आई बोलेनाशी झाली. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छाती तपासली. सगळं वयाप्रमाणे ठीक. म्हातारपणी अंगावरची चरबी कमी होते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या थंडीत पूर्वीसारख्या आवळत नाहीत, माणसाला पुरेसं कुडकुडताही येत नाही, हे मला माहीत होतं. आपल्या आतली भट्टी मंदावते आणि आपणही थोडेथोडे उसन्या उबेचे होत जातो. हे मला माहीत होतं, आणि मी खोलीत तिच्यासमोर बसून पेपर वाचत होतो.

जानेवारीतल्या एका सकाळी आई घरात नव्हती. संडासात नाही, गॅलरीत नाही. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला. इतक्यात खालून वॉचमनचा फोन आला, "आजी इकडं आहेत." मुलगा आणि मी खाली धावलो. दोन मोटारींच्या मधल्या सिमेंटच्या कठड्यावर, जिथे इमारतींच्या फटीतून उन्हाची एक पट्टी पडली होती, तिथे आई बसली होती. पाठ उन्हाकडे, तळवे गुडघ्यांवर उताणे.

मुलगा भीतीपोटी ओरडला, "आजी, गाडीनं उडवलं असतं! सांगायचं तरी!"

आई डोळे न उघडता म्हणाली, "जरा बसतो की रे. ऊन जाईल."

मला त्या क्षणी पश्चिमेची खिडकी आठवली. दोन बोटं पाणी आणि काचेला लावलेले पुढचे पाय.

त्या रात्री मुलाशी बोललो. कासवाची गोष्ट त्यालाही मी कधी सांगितली नव्हती. ती ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, पण तिकडे पडली तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मातीतलं कासवसुद्धा मेलं नसतंच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी पाऊस नसता, तळ्यात कुणी पहार घातली असती, काहीही झालं असतं. पण ते त्याच्या जागी, त्याच्या हिशोबानं झालं असतं. मी एवढंच म्हणालो, "पडू नये म्हणून जे करता येईल ते करू. पण तिथं करू."

फेब्रुवारीत आम्ही परत आलो. बिल्डरला आईच्या हयातीत नाही म्हणून कळवलं. पैशाचं नुकसान झालं, मुलाचा हिरमोड झाला, हे मी लपवत नाही. शेजारी चार मजले उभे राहिले आहेत. सुदैवानं ते दक्षिणेला आहेत, उगवतीला नाहीत. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दहानंतर त्यांची सावली परड्यात येते खरी, पण साडेआठ ते दहा आमचं आहे.

गेल्या श्रावणात रविवार पेठेत पिशवी सावरत उभा होतो, तेव्हा पन्नाशीचा एक गृहस्थ पुढे आला आणि भर रस्त्यात वाकून नमस्कार केला. "सर, ओळखलासा काय?" मी ओळखलं नव्हतं. तो म्हणाला, "ते आमे आणलेला मी."

चहा प्यायलो. गावातच असतो, शेती बघतो, पंचायतीत काही काम असतं. बोलता बोलता म्हणाला, "सर, ते माझ्यामुळं मेलं. मी मातीतनं काढायला नको होतं. ते लई दिवस मनात होतं."

पस्तीस वर्षांहून अधिक काळ त्यानं ते वागवलं होतं, माझ्या एका वाक्यामुळे. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. खिडकी, काच, शनिवार-रविवार, आणि 'अशक्त होतं' हे माझं खोटं. सगळं.

तो म्हणाला, "असू दे सर. तुमाला तरी कुठं माहीत होतं?"

"माहीत होतं," मी म्हणालो. "तेच तर शिकवत होतो मी."

तो काही बोलला नाही. पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. निघताना म्हणाला, "आता गाळ काढायला जेसीबी येतंय सर. मी जाऊन उभारतो. आमे निघालं की बाजूला चिखलात परत घालायला सांगतो. पोरं हसत्यात."

हल्ली, म्हणजे मराठीतलं हल्ली, हवेचं सगळंच बदलत चाललं आहे. २०१० साली बॅरी सिनेर्व्हो आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या सरड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ ते १९९५ या काळात जिथे सरडे नोंदले होते त्या दोनशे जागी ते पुन्हा गेले. बारा टक्के जागी त्यांना ते सापडले नाहीत, आणि जंगल तर तसंच उभं होतं. सरडे उष्म्यानं होरपळून मेले नव्हते. वसंतात, विणीच्या दिवसांत, ऊन इतकं लवकर चढायला लागलं की त्यांना सावलीत बसून राहावं लागे. बाहेर पडून खायला तास उरले नाहीत, आणि पोटात अन्न नाही तर अंडी कुठून? सावली असूनही ते हरले, कारण ये-जा थांबली. वाचताना वाटलं, या प्राण्यांना थंडीनं किंवा उन्हानं मारलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा त्यांना कोंडीनं मारलेलं असतं.

मागच्या दिवाळीत मुलगा आला तो गाडीत लोखंडी पाइप घालूनच. दोन दिवस गवंडी लावून त्यानं न्हाणीघराच्या पायऱ्या मोडल्या, उतार केला, घरापासून कट्ट्यापर्यंत हाताला धरायला कठडा बसवला. मग कट्ट्यावर उभा राहून त्यानं सूर्याकडे बघितलं, हातानं काहीतरी मापलं आणि विचारलं, "दहानंतर ती कुठे बसते?"

"आत येते," मी म्हणालो.

"एवढ्यात आत कशाला?" म्हणाला. गवंड्याला सांगून त्यानं कट्टा आणखी चार हात वाढवून घेतला, पेरूच्या झाडाखालपर्यंत. अर्धा उन्हात, अर्धा सावलीत.

आता आई साडेआठला उगवतीच्या टोकाला बसते. शेजारची सावली चढायला लागली की तिच्यापुढे सरकते, फेब्रुवारी-मार्चात उन्हाला कंटाळली की पेरूखाली सरकते. काठी, पोतं, आणि मग आई. कुणी हात द्यायला गेलं तर म्हणते, "राहू दे, मी जातो." समोर गडग्यावरचा तो दगडामागे जातो, पुन्हा बाहेर येतो, पुन्हा जातो. दोघांचं आपापलं चाललेलं असतं.

मी मध्ये कुठेतरी खुर्ची टाकून बसतो आणि पेपर उघडतो. फारसा वाचून होत नाही.